इचलकरंजीत नवीन आलेल्या कुटुंबाचा पहिला महिना

इचलकरंजी बाहेरून आलेल्या माणसांनी मोठी केली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग लावला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी धंद्याला पाठबळ दिलं, आणि त्यामागून कोष्टी, साळी, मोमीन, कानडी बोलणारे विणकर, मारवाडी व्यापारी असे एकेक जण येत गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आज कुठल्याही खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात शिरा, मागावर उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशाचा माणूस उभा दिसेल. माग दुरुस्त करणारा जॉबर इथला, दिवाणजी इथला, सुताच्या कांड्या भरणारी कांडीवाली शेजारच्या गल्लीतली, आणि विणणारा दीड हजार किलोमीटरवरून आलेला. तो नसेल तर रातपाळी बंद पडते.

असा माणूस बायकामुलांना घेऊन इथे रुजणार, की चार महिन्यांत गाशा गुंडाळणार, हे माझ्या मते पहिल्या तीस दिवसांत ठरतं. त्या दिवसांत त्याला धान्य, खोली, पाणी, मुलांची शाळा आणि दवाखाना एवढं लागतं. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टींचे कायदे आणि योजना आधीच आहेत. अडतं ते शेवटच्या शंभर पावलांवर, म्हणजे दुकानदाराच्या, मुख्याध्यापकांच्या किंवा घरमालकाच्या दारात. मंडळ, संस्था किंवा चार शेजाऱ्यांनी मनावर घेतलं तर तिथे नेमकं काय करता येतं, ते लिहितो.

आधी मोबाइल नंबर

कुठलाही अर्ज भरायच्या आधी एकच विचारा: आधारला जोडलेला नंबर चालू आहे का? गावाकडचं सिम दोन-तीन महिने रिचार्ज झालं नाही की बंद पडतं, आणि पुढे कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. आधार, बँक आणि रेशनकार्डाला मात्र तोच जोडलेला असतो. मग ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो आणि महिनाभर कुणाला कळतच नाही की काम का होत नाहीये. आधारमध्ये नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही. आधार केंद्रावर जाऊन ठसा दिला की पुरतं. मागवाल्याची मजुरी मीटरवर आणि पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) असते, तो पाळी सोडून गेला तर तेवढा पगार बुडतो. म्हणून रातपाळी संपवून येणाऱ्यांना केंद्र उघडल्या उघडल्या रांगेत पहिला नंबर मिळेल असं आधी बोलून ठेवा. पाच-सहा जणांना एकदम नेलं तर केंद्रवालाही नीट सहकार्य करतो.

आधारवरचा पत्ता बदलायची घाई करू नका. ‘पत्ता बदलल्याशिवाय रेशन मिळत नाही’ असं सांगून पैसे घेणारे एजंट बसस्टँडभोवती असतात. ते खोटं आहे.

रेशन

‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना २०१९ मध्ये चार राज्यांत सुरू झाली. त्यात गुजरात आणि महाराष्ट्र ही एक जोडी होती. २०२२ च्या जूनपर्यंत आसामही आला आणि सगळा देश जोडला गेला. बिहारचं कार्ड इचलकरंजीच्या दुकानात चालतं. दुकानदाराला कार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, ई-पॉस यंत्रावर बोट लावायचं, धान्य घ्यायचं. नाव इथल्या दुकानात चढवावं लागत नाही. गावचं कार्ड रद्द करायचीही गरज नाही. ते केलं तर उलट नुकसान होतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

कागदावर इतकं सोपं असलेलं काम प्रत्यक्षात चार ठिकाणी अडतं.

पहिली अडचण घरातल्या घरात होते. कार्डावर सहा नावं आहेत, दोघं इचलकरंजीत, चौघं बिहारमधल्या सिवानला. योजनेत हिस्सा वाटून घेता येतो: इथल्या दोघांनी इथे १० किलो उचलायचे, तिकडच्यांनी तिकडे २०. पण गावाकडे महिन्याच्या सुरुवातीला सगळे ३० किलो उचलले गेले की इथलं यंत्र ‘शिल्लक नाही’ दाखवतं आणि दुकानदारावर संशय येतो. दुकानात जायच्या आधी गावी एक फोन करायला सांगा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरी अडचण ठशांची. सुताच्या कामात आणि सायझिंगला (सुताला खळ लावताना) बोटं झिजतात, ठसा उमटत नाही. हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाने प्रयत्न करायचा. तेही जमलं नाही तर बुबुळाचा किंवा ओटीपीचा पर्याय विचारायचा. ओटीपी म्हटला की पुन्हा तोच मोबाइल नंबर आला.

तिसरी, ई-केवायसी, म्हणजे ठसा देऊन केलेली ओळखीची पडताळणी. कार्डावरच्या प्रत्येक सदस्याचं केवायसी झालेलं असावं लागतं, नसेल तर त्याचं नाव थांबतं. त्यासाठी गावी जावं लागत नाही, देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात ते होतं. गाडीभाडं खर्चून केवळ एका ठशासाठी बिहारला जाऊन येणारी माणसं आहेत, म्हणून हे जोर देऊन सांगतो.

चौथी अडचण दुकानदाराची, आणि ती खरी असते. त्याचा साठा त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या हिशेबाने येतो. बाहेरच्या चाळीस कार्डांनी धान्य उचललं की महिनाअखेरीस स्थानिकांना कमी पडेल अशी त्याला भीती वाटते, आणि तो ‘यंत्र बंद आहे’ म्हणून वाटेला लावतो. यावर भांडण करू नका. वस्तीजवळच्या दोन-तीन दुकानदारांना साधारण किती कार्डं येतील हे आधी सांगा आणि पुरवठा कार्यालयाला जादा साठ्याचं पत्र द्या. बाहेरच्या कार्डाची प्रत्येक उचल यंत्रात वेगळी नोंदली जाते, त्यामुळे मागणीला पुरावा असतो. तरीही कोणी नाही म्हटलं तर १४४४५ हा मोफत क्रमांक आहे.

एक लक्षात ठेवा: फक्त राज्याच्या योजनेतली कार्डं आणि राज्याने सणासुदीला दिलेला शिधा असं काही राज्याबाहेर मिळत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल तरच हे सगळं लागू.

खोली, गॅस, पाणी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी करार नसताना वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर त्या खोट्या ठरत नाहीत. हे कलम घरमालकांना नीट समजावलं की बरेच जण स्वतःहून करार करायला तयार होतात, कारण त्यात त्यांचंच संरक्षण आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, वर मुद्रांक शुल्क. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा घ्यावा. करारात डिपॉझिट किती, वीज कशी मोजणार, आणि खोलीत किती माणसं राहणार हे तीन आकडे हवेतच. भांडणं बहुतेक तिसऱ्या आकड्यावरून होतात: दोघांना दिलेल्या खोलीत दिवसपाळी-रातपाळी करत सहा जण राहायला लागतात, संडासावर ताण येतो, आणि चिडलेले शेजारी सगळ्या परप्रांतीयांना बोलतात. स्वच्छ भारत अभियानाचा सामुदायिक शौचालयाचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक असा आहे. चाळमालकाने भाडेकरू वाढवताना निदान तेवढा तरी पाळावा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचा अर्ज सगळ्यांसाठी सारखा ठेवा. निपाणीहून आलेल्याला विचारायचं नाही आणि आसनसोलहून आलेल्याकडे तीन-तीनदा कागद मागायचे, यातून सुरक्षितता वाढत नाही. आसनसोल पश्चिम बंगालमध्ये आहे, तिथला बंगाली बोलणारा माणूस भारतीयच असतो, आणि देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने त्याला दिला आहे.

स्वतःची चूल पेटली की माणूस घरात आल्यासारखा होतो. आपल्या जिल्ह्याला याचा जुना अनुभव आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त. तिथे कुटुंबांना वेगळी जागा आणि आपापलं स्वयंपाकघर मिळालं, मुलांच्या शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर झालं, दवाखाना आला. त्या आठवणीसाठी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलिश गेल्यावर फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं तिथे वसली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. इचलकरंजीचं किती कापड त्या पेठेतून पुढे जातं, ते इथल्या व्यापाऱ्यांना विचारा.

आजच्या खोलीत चूल म्हणजे गॅस. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नवीन कुटुंबं रस्त्याकडेच्या दुकानातून लहान टाकी चोरून भरून घेतात. घरगुती सिलिंडरमधून नळीने भरलेली ही टाकी धोक्याची आहे: किती भरली याचं माप नसतं, झडप हलकी असते, आणि बंद खोलीत गळती झाली तर कोणाला वास येईपर्यंत उशीर होतो. अधिकृत एजन्सीत ५ किलोचा लहान सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही स्थलांतरित कुटुंबातल्या बाईला पत्त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. आणि त्या पहिल्या सिलिंडरचे पैसे जर कारखानदाराने उचल म्हणून दिले, तर ते वहीत वेगळे लिहावेत. पगारातून किती कापणार हे पहिल्याच दिवशी सांगावं.

पाण्याचं गणित नवीन माणसाला माहीत नसतं. इथे नळ रोज येत नाही. चौघांच्या घरात काटकसर केली तरी माणशी ५० लिटर, म्हणजे २०० लिटरचं एक बॅरल एका दिवसात रिकामं. नवीन कुटुंबाकडे एक बादली आणि एक कळशी असते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ते मिळेल ते बोअरचं पाणी पितात. २०१२ साली या शहरात काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी ती कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. खोली दाखवतानाच शेजारणीने हे सांगावं: पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येतं, टँकर कुठे थांबतो, आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्यायचं. बॅरलला झाकण हवं, आणि आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामं करून घासायचं. डेंगीच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत होतं, म्हणून आठवड्याचा हिशेब.

शाळा

या सगळ्यात माझा सर्वात जास्त जीव शाळेत आहे. आईबाप दोन-चार वर्षांनी परत जातीलही, पण इथे तिसरी-चौथी शिकलेलं पोर हे शहर विसरत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी चार गोष्टी स्पष्ट आहेत. वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेल्याला विशेष शिकवणी द्यायची (कलम ४). जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही (कलम ५). जन्मदाखला नाही म्हणून नाकारायचं नाही (कलम १४). वर्षाच्या मध्ये आला तरी घ्यायचं (कलम १५). शिवाय कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक संस्थेचं, म्हणजे इथे महापालिकेचं कर्तव्य आहे. मुख्याध्यापकांकडे जाताना ही कलमं तोंडावर फेकू नयेत. छापील पान नम्रपणे टेबलावर ठेवावं आणि त्यांची अडचण विचारावी.

त्यांची अडचण बहुधा संगणकातली असते. मुलाचं नाव यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) यादीत जुन्या शाळेकडे अडकलेलं असतं. तिथून ते सोडलं जाईपर्यंत इथे चढत नाही. म्हणून आईवडिलांकडून तीन गोष्टी मिळवा: जुन्या शाळेचं नाव आणि गाव, तिथल्या कुठल्याही एका शिक्षकाचा फोन नंबर, आणि मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, जो प्रगतिपुस्तकावर असू शकतो. जुन्या गुरुजींना केलेला एक फोन पत्रव्यवहारापेक्षा लवकर काम करतो. तोवर मूल वर्गात बसलेलं असलं पाहिजे. नाव नंतर चढू दे. आधारमधलं नाव आणि शाळेतलं नाव एक आहे ना, हेही तेव्हाच बघा. ‘रोशनी’ आणि ‘रौशनी’ एवढ्या फरकाने नोंद अडते. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचे ठसे आधारमध्ये नव्याने द्यावे लागतात, तेही राहून गेलेलं असतं.

इथल्या पालकांना वाटतं की बाहेरची मुलं वाढली की आपल्या मुलांचं शिक्षण मागे पडतं. त्यांनी संच मान्यतेचा, म्हणजे शाळेला शिक्षक मंजूर होण्याचा हिशेब बघावा. शिक्षकांची मंजूर पदं ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात. पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक. पट घसरला की शिक्षक जातो, आणि मराठी शाळा बंद पडायच्या वाटेला लागते. उत्तर प्रदेशातल्या मागवाल्याची दोन पोरं ऑगस्टमध्ये पटावर आली, तर ती इथल्या पोरांचाही शिक्षक वाचवतात. म्हणून वस्तीत फिरून नावं गोळा करायची ती जुलै-ऑगस्टमध्येच.

भाषेची भीती आठवीच्या मुलाला असते, दुसरीच्या मुलाला नसते. लहानांना पहिल्या बाकावर, बोलक्या मराठी मुलाशेजारी बसवलं की दिवाळीपर्यंत ती मराठीतून भांडायला लागतात. मोठ्यांचं वेगळं. देवनागरी वाचता येते, म्हणून शिक्षकांना वाटतं याला सगळं समजलं. प्रत्यक्षात तो अक्षरं वाचतो, अर्थ नाही. अशा मुलाला पहिले तीन महिने गणिताचं उदाहरण तोंडी समजावून द्या, उत्तर हिंदी किंवा भोजपुरीत आलं तरी मान्य करा, आणि रोज पाच वाक्यं मराठीत लिहायला लावा. ओडिया किंवा बंगाली शिकलेल्या मुलाला मात्र लिपीपासून सुरुवात करावी लागते, त्याला दोन महिने जास्त द्या.

सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडी. तिथे पत्त्याचा पुरावा लागत नाही. गावाकडच्या अंगणवाडीतलं नाव पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर इकडे वळवता येतं, गरोदर बाईचंही. सेविकाताईंना जुन्या अंगणवाडीचं गाव आणि आईचं आधार दिलं की त्या करतात. माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिलं असेल तर त्याचा फोटो मागवा. लसीकरणाच्या तारखा त्यावरच असतात.

दवाखाना

आयजीएम (इंदिरा गांधी) रुग्णालय सरकारी आहे, तिथे कुठल्याही राज्याचा माणूस जाऊ शकतो. आयुष्मान कार्ड असेल तर योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दाखल रुग्णाचा उपचार राज्याबाहेरही होतो. चौकशीसाठी १४५५५. पण ते दाखल होण्यासाठी आहे, ओपीडीतल्या गोळ्यांसाठी नाही, हे आधीच सांगावं.

क्षयाचा रुग्ण मध्येच गाव बदलतो तेव्हा सर्वात जास्त नुकसान होतं. उपचार सहसा सहा महिने चालतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, माणूस गाडीत बसतो, गोळ्या बंद. पुढे तोच आजार औषधाला दाद न देणारा होऊन परततो. त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो. इथल्या केंद्रात तो सांगितला की उरलेला कोर्स इथून मिळतो, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नवीन माणसाला ‘तुला टीबी आहे का’ असं विचारू नका. ‘कुठली गोळी चालू आहे का’ असं विचारा, म्हणजे बीपी-साखरेचंही कळतं.

मदतीचं टेबल

हे सगळं करायला मोठी संस्था लागत नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बाजाराजवळ दोन तास एक टेबल पुरतं. माणसं दोन हवीत: एक वॉर्ड ऑफिस आणि पुरवठा कार्यालय माहीत असलेला इथला, आणि दुसरा बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन इथे पाच-सात वर्षं झालेला. दुसऱ्याशिवाय टेबलावर कोणी येत नाही. बायकांची कामं असतील तर एक बाई हवीच. गरोदरपणाचं किंवा नवऱ्याच्या मारहाणीचं पुरुषापुढे कोणी बोलत नाही.

वहीत पाच रकाने ठेवा: नाव, राज्य-जिल्हा, चालू फोन, काम काय, पुढची तारीख. आधारची झेरॉक्स ठेवून घेऊ नका. काम झालं की कागद त्याच्या हातात परत. फॉर्म भरायचे पैसे घ्यायचे नाहीत, झेरॉक्सचेही नाहीत; एकदा दहा रुपये घेतले की तुम्ही एजंट झालात. ई-श्रम या सरकारी कामगार यादीतली नोंदणी मोफत आहे, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराची होते, ती तिथेच करून द्या. मतदारयादीत नाव हलवायचं असेल त्याला फॉर्म ८, नवीन असेल त्याला फॉर्म ६. आणि माणसाला नावाने हाक मारा, वय बघून मागे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ लावा. ‘ए भय्या’ ऐकल्यावर तो पुन्हा येत नाही.

या वहीचा उपयोग अडचणीच्या वेळी कळतो. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा देशभर लाखो कामगार अडकले, आणि ते किती, कुठे, कुठल्या गावचे, याची यादीच कोणाकडे नव्हती. श्रमिक गाड्या १ मे रोजी सुरू झाल्या, तोवर पाच आठवडे गेले होते.

मराठी शिकवायची असेल तर व्याकरणाने सुरुवात करू नका. पाऊण तासाचा वर्ग, आठवड्यातून दोनदा, पाळी बदलायच्या वेळेला धरून, तीन महिने. पहिले आठ तास दवाखाना, एसटी, भाजी, पगार, घरमालक, शाळा यांवरची संभाषणं, तोंडी. घरी राहणाऱ्या बायकांसाठी दुपारचा वेगळा वर्ग लावा, त्याच सर्वात मागे राहतात. वर्ग फसतो तो आपल्यामुळे: त्याने अडखळत ‘मला दोन किलो बटाटे द्या’ म्हटलं की आपण झटकन हिंदीत उत्तर देतो. दुकानदारांनी थोडं थांबून मराठीतच, सावकाश बोललं तर तीन महिन्यांचं काम दोन महिन्यांत होतं.

छठ

दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध षष्ठीला बिहार-उत्तर प्रदेशाकडच्या लोकांचा छठ हा सण येतो. चार दिवसांचं व्रत: नहाय-खाय, खरना, मग मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि चौथ्या पहाटे उगवत्याला. खरन्यानंतर बायका ३६ तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही घेत नाहीत. शहराने या सणाला जागा करून दिली, तर ते कुटुंब इथलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तयारी दिवाळीच्या आधी सुरू करावी. बांबूची सुपं आणि मोठी टोपली लागते. ती आपल्या बुरूड कारागिरांना आधी सांगून ठेवली तर त्यांनाही चार पैसे मिळतात. ऊस वाढ्यासकट, उभा हवा. तो शिरोळ-हातकणंगल्यात बांधाबांधावर आहे, फक्त तोडताना शेंडा कापू नये असं सांगावं लागतं. हळदीचं रोप पानांसकट लागतं, ते सांगलीच्या बाजूने हिरवंगार मिळतं. ठेकुआ म्हणजे कणीक, गूळ आणि तुपाचा तळलेला पदार्थ. गूळ कोल्हापूरचा असला तर त्यांना तो आणायला कुठे जावं लागत नाही.

घाटावर पंचगंगेची जलपर्णी दोन दिवस आधी काढून घ्यावी. पाणी खराब असेल किंवा धार जास्त असेल, तर गणपती विसर्जनाचे कृत्रिम कुंड धुऊन पुन्हा भरावेत. गुडघा-मांडीभर पाणी पुरतं. पाण्यात किती आत जायचं याची दोरी बांधायची, कपडे बदलायला आडोसा करायचा, उजेड भरपूर ठेवायचा आणि एक रुग्णवाहिका उभी करायची, कारण उपाशी बायकांना पहाटेच्या थंड पाण्यात चक्कर येते. माणसं चार वाजल्यापासून जमतात, पण ध्वनिक्षेपकाला सहाच्या आधी परवानगी नाही, हे आयोजकांकडून लेखी घ्या. वेळ गावच्या फोनवरून धरू नका: बिहारपेक्षा इथे सूर्य सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो आणि पाऊण तासाहून जास्त उशिरा मावळतो. इथल्या पंचांगातली वेळच फलकावर लिहा.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी त्यांच्याकडून घेतो, तर कार्यकारिणीत त्यांचा एक माणूस असावा आणि एका दिवसाची आरती त्या खोल्यांकडे असावी. आरती मोठ्या अक्षरांत छापून द्या, देवनागरी त्यांना येते.

अफवा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. आपल्याच राज्यातल्या माणसांची ही गत झाली. अनोळखी चेहरा आणि फोनवर फिरणारा व्हिडिओ, एवढंच पुरलं. म्हणून प्रत्येक वस्तीत दोन्ही बाजूंचे मिळून दहा-बारा जणांचा एक गट आधीच असावा, ज्यात पोलीस ठाण्यातला एक अंमलदार आहे. संशयाचा निरोप आला की तो पुढे न पाठवता त्या गटात टाकायचा, आणि गटाने अर्ध्या तासात लिहून नव्हे तर बोलून, मराठीत आणि हिंदीत, उत्तर पाठवायचं. वाचता न येणाऱ्यापर्यंत आवाजच पोचतो. प्रत्यक्ष गर्दी जमली असेल तर ११२, बाकी काही करत बसू नये.

एप्रिल-मे

लग्नसराईला बरेच जण गावी जातात आणि त्यातले काही परत येत नाहीत, कारण जाताना सगळे धागे तुटतात. निघण्याआधी टेबलावर बोलवा. वार्षिक परीक्षा झाल्यावरच निघायचं बघा, प्रगतिपुस्तक बरोबर द्या, पण परत येणार असतील तर दाखला काढू देऊ नका. क्षयाच्या गोळ्या तिकडच्या मुक्कामापुरत्या आधी घ्यायच्या. खोली ठेवायची असेल तर दोन महिन्यांचं भाडं किती आणि कसं, हे घरमालकाशी समोर बसून ठरवा. फोनचं रिचार्ज चालू ठेवायला सांगा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक कुटुंबाला फोन करून कधी येताय ते विचारा, आणि ते उत्तर मुख्याध्यापकांना व रेशन दुकानदारांना कळवा.